चिंचेची चिरलेली फांदी, विहिरीचा नाडा आणि आम्ही निवडलेलं सामान

औसा आणि किल्लारीच्या मधल्या एका गावात माझ्या ताईचं सासर आहे. घराच्या मागं चिंच आहे, दाजींच्या आज्यानं लावलेली, उंची चाळीसेक फूट असंल. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला त्या रात्री वारं असं सुटलं की चिंचेची एक मोठी फांदी बेचक्यातून चिरली, पण पूर्ण तुटून पडली नाही, शेजारच्या फांदीवर रेलून तशीच लटकली. चिरलेली जागा जमिनीपासून अठरा फुटांवर, फांदीची बुडाशी जाडी एक फूट आणि लांबी पंचवीस फुटांच्या घरात. खाली पत्र्याचा गोठा, गोठ्यात दोन म्हशी आणि बैलजोडी, आणि फांदीच्या शेंड्यापासून हातभर अंतरावरून पोलवरची सर्विस वायर घरात येते. ताई फोनवर म्हणाली, "रात्री जरा वारं सुटलं की झोप येत न्हाई रे, जनावरं दुसरीकडं बांधली पण पोरं तिकडंच पळतेत." झाड पाडायचं नव्हतं, तेवढीच फांदी उतरवायची होती. हे पुढं महत्त्वाचं आहे म्हणून आधीच सांगतो.

मी पोचलो तेव्हा दाजींनी गावातल्या लाकूड तोडणाऱ्या मामांना बोलावलेलं होतं. मामा साठीचे, तीस वर्षं हेच काम करतात, झाडाकडं एकदा बघून फांदी कुठं पडणार ते बोटानं दाखवतात आणि ती तिथंच पडते, हे मी लहानपणापासून बघतोय. त्यांच्यासोबत त्यांचा चोवीस वर्षांचा पोरगा. सामान म्हणजे कुऱ्हाड, करवत, विहिरीवरची लोखंडी कप्पी आणि एक जाड पिवळा नाडा. पोरानं अनवाणी चढायचं, नाड्याचं एक टोक कमरेला बांधायचं, बाकीचा नाडा कप्पीतून घेऊन फांदीला लावायचा आणि खाली आम्ही चौघांनी धरायचा, असा बेत होता. म्हणजे एकाच नाड्यावर पोरगाबी आणि लाकूडबी.

मी म्हणलं मामा, आज नको. मामा म्हणाले, "पाव्हणं, ह्याच नाड्यानं म्या पाच एचपीची मोटर काढली विहिरीतून, ह्यो काय पोराला पेलत न्हाई का?" प्रश्न बरोबर होता आणि त्याचं नीट उत्तर द्यायला मला पुढचे दहा दिवस लागले. तेवढे दिवस गोठा रिकामा ठेवला, फांदीखाली काटेरी तार आडवी लावली आणि पोरांना तिकडं फिरकू दिलं नाही.

मी बारा वर्षं मोबाईल टॉवरवर चढण्याचं काम केलं, त्यामुळं हार्नेस (अंगात घालायचा पट्ट्यांचा साज), हुक, दोर हे माझ्या रोजच्या हातातलं. पण टॉवर म्हणजे झाड नव्हे हे मला दोन वर्षांपूर्वी माझ्याच शेतात कळलं. बांधावरच्या लिंबाची वाळकी फांदी तोडायला मी टॉवरचा हार्नेस घालून चढलो, पाठीवरच्या कडीला लॅनयार्ड, म्हणजे हुकाची आखूड दोरी, लावली, पाय सटकला आणि मी लटकलो. लागलं काहीच नाही. पण कडी पाठीवर असल्यामुळं तोंड खाली, हात खोडापर्यंत पोचत नाहीत, मांडीचे पट्टे जांघेत रुतलेले. भाऊ शेजारच्या वस्तीवरून शिडी घेऊन येईपर्यंत पायात मुंग्या येऊन पाय बधिर झाले आणि डोळ्यापुढं अंधारी यायला लागली. हार्नेसमध्ये न हलता लटकून राहिलं की रक्त पायात साचतं आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो, हे ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, त्या दिवशी अंगावर आलं. म्हणून मामांच्या पोराला तसं चढू देणं मला जमलंच नसतं.

टॉवरवरचं सामान कशासाठी असतं तर पडल्यावर झेलण्यासाठी. डोक्यावर लोखंड असतं, त्यात हुक अडकवायचा, पडलं तर शॉक अॅबसॉर्बर (लॅनयार्डवरची घडी घालून शिवलेली पट्टी) फाटत जातो आणि हिसका सहा किलोन्यूटनच्या आत ठेवतो, म्हणजे साधारण सहाशे किलो. पण दोन मीटरच्या लॅनयार्डला हे सगळं होईपर्यंत खाली जवळपास सहा मीटर मोकळी जागा लागते. आमची चिरलेली जागा अठरा फुटांवर, म्हणजे साडेपाच मीटर. तिथून पोरगा पडला असता तर अॅबसॉर्बरचं काम पुरं व्हायच्या आधी गोठ्याच्या पत्र्यावर आदळला असता. झाडावर पडल्यावर झेलणारं सामान उपयोगाचं नाही, झाडावर माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोरावर टेकलेला पाहिजे, दोर ताणलेला पाहिजे, म्हणजे पडायला जागाच राहत नाही. सामान निवडताना मी हीच एक गोष्ट धरून बसलो आणि दुसरी ही की माणसाचा दोर वेगळा, लाकडाचा दोर वेगळा, काही झालं तरी अदलाबदल नाही.

हार्नेसपासून सुरुवात केली. बाजारात पहिल्यांदा दाखवतात तो बांधकामावरचा, पाठीवर एक कडी, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का. शिक्का खरा असला तर तो हार्नेस खोटा नाही, पण तो त्या लटकण्याच्या कामाचा. आम्हाला पाहिजे होता पुढं बेंबीपाशी कडी असलेला, ज्यात झोक्यावर बसल्यासारखं बसता येतं, आणि कमरेच्या दोन्ही बाजूला कड्या असलेला. लेबलवर ईएन (युरोपियन मानक) ८१३ म्हणजे बसण्याची पुढची कडी आणि ईएन ३५८ म्हणजे कमरेच्या बाजूच्या कड्या, हे दोन आकडे बघून घेतला. दुकानदार सांगंल त्यावर जायचं नाही, लेबल स्वतः वाचायचं, त्यावर बनवल्याचं वर्ष आणि किती वजनापर्यंत चालतो ते असतं. दुकानातच पोराला घालून दोरावर पंधरा मिनिटं बसवलं. पहिला हार्नेस पाच मिनिटांत जांघेत काचायला लागला, तो परत केला. जो काचतो तो माणूस वर गेल्यावर सैल करतो, आणि तिथंच घात होतो.

दोराचं सांगायचं तर मामांच्या नाड्याला सगळे नायलॉनचा नाडा म्हणत होते. मी त्याचा वीतभर तुकडा कापला आणि म्हशीच्या हौदात टाकला. तो वर तरंगला. नायलॉन पाण्यात बुडतं, पॉलिएस्टर तर लगेच बुडतं, तरंगतं ते पॉलिप्रॉपिलिन. पॉलिप्रॉपिलिन १६५ अंशाच्या आसपास वितळतं आणि उन्हानं लवकर कुजतं, आणि मामांचा नाडा वर्षानुवर्षं पत्र्यावर पडलेला, आपल्याकडच्या उन्हात. हातात घेऊन पिळला तर पिवळा भुगा तळहातावर राहिला. मग ज्या जागी कप्पीत घासत होता ती जागा दाखवली, तिथले धागे वितळून काचेसारखे चमकत होते, नख लावलं तर टणक. मामांनी ती जागा अंगठ्यानं दोनतीनदा चोळली आणि काहीच बोलले नाहीत. मोटर काढताना तो नाडा हळूहळू ताणला जातो, हिसका बसत नाही, आणि तुटला तर मोटर जाते. एवढाच फरक मी सांगितला.

माझ्याकडं ट्रेकिंगचा एक जुना डायनॅमिक दोर होता, तोबी वापरला नाही. तो पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणतो, नुसत्या ऐंशी किलोच्या वजनाला दहा टक्क्यांपर्यंत लांबलेला चालतो, त्यावर बसून करवत चालवायची म्हणजे खालीवर हिंदोळे. आम्ही ईएन १८९१ मधला टाईप ए दोर घेतला, बारा मिलिमीटर, आत गाभा आणि वरून विणलेलं आवरण, गाठ न मारता निदान बावीस किलोन्यूटन म्हणजे सव्वादोन टनाच्या आसपास पेलणारा. त्याच नंबरात टाईप बी पण असतो, तो बारीक आणि कमी ताकदीचा, स्वस्त म्हणून तो गळ्यात मारतात, म्हणून लेबलवर ए हे अक्षर बघायचं. लांबी पंचेचाळीस मीटर घेतली. बेचक्यावरून दोर दुहेरी खाली येतो त्यामुळं पंचवीस-तीस मीटरमध्ये काम भागलं असतं, पण दोर कमी पडला आणि टोक गाठीतून निघून गेलं तर माणूस तसाच खाली. टोकाला अडकवणारी गाठ मारलीच, तरी जास्तीचा दोर पाहिजे.

दोर सालीवर घासला की दोर झिजतो आणि चिंचेची सालबी जाते, म्हणून बेचक्यात एक जाड पट्टी लावली जिच्या दोन्ही टोकांना लोखंडी कड्या असतात, दोर त्या कड्यांतून जातो. दोरावर वरखाली करायला प्रुसिकसारखी आवळणारी गाठ, आणि त्या गाठीसाठी वेगळी बारीक दोरी, जिचं आवरण उष्णता सोसणाऱ्या धाग्याचं असतं. इथं मी पैसे वाचवले नाहीत. माणूस जोरात खाली सरकला की सगळी उष्णता त्या चार वेढ्यांत जाते.

कॅराबिनर, ज्याला सगळे हुकच म्हणतात, त्याच्या अंगावर कोरलेलं असतं, उभ्या ताणाला किती, आडव्या ताणाला किती आणि तोंड उघडं असताना किती. आमच्यावर चोवीस, आठ आणि आठ किलोन्यूटन होतं. म्हणजे तोंडाचं फाटक उघडं राहिलं की ताकद एका झटक्यात तिसऱ्या हिश्श्यावर. झाडात बारक्या फांद्या फाटकाला घासत राहतात, स्क्रूवालं फाटक अशानं फिरत फिरत उघडतं, त्यामुळं आपोआप बंद होणारं आणि उघडायला तीन हालचाली लागणारं घेतलं. पोराला सुरुवातीला ते किचकट वाटलं, दुसऱ्या दिवशी न बघता उघडायला लागला.

कमरेची दुसरी दोरी, खोडाला वळसा घालून दोन्ही बाजूच्या कड्यांत लावायची ती, आत स्टीलची तार असलेली घेतली कारण शेवटचे दोन काप चेनसॉनं द्यायचे होते. चेनसॉ चालू असताना माणूस दोन वेगवेगळ्या जागी बांधलेला पाहिजे, एक कापला गेला तर दुसरा राहतो. तारेची दोरीसुद्धा चेनसॉपुढं टिकंलच असं नाही, फक्त जरा वेळ देते. आणि तार म्हणजे वीज वाहणारी, त्यामुळं वायर चालू असताना ही दोरी घेऊन वर जायचंच नाही, हे मी पोराकडून तीनदा म्हणून घेतलं. करवतीलाबी हलकं समजू नये. ढिल्या दोराला करवत लागली तर ओरखडा उठतो, माणसाच्या वजनानं ताणलेल्या दोराला लागली तर कचकन तुटतो.

हेल्मेट हनुवटीला पट्टा असलेलं. बांधकामावरचं पिवळं टोपडं वर बघितलं की मागं पडतं, आणि झाडावर माणूस सारखा वरच बघतो. खिळ्यांचे बूट घेतलेच नाहीत. झाड ठेवायचं असंल तर खिळे लावायचे नाहीत, प्रत्येक पावलाला सालीत जखम होते आणि तिथून कूज शिरते.

आता लाकडाचं. एक फूट जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओला ओंडका किती वजनाचा? चिखलात काडीनं हिशोब केला, ओलं लाकूड पाण्याएवढं जड धरलं तर सत्तर किलो. मामा म्हणाले, "सत्तर किलो म्हंजे पोतं न्हाई का, धरू की." पण ओंडका कापून सुटला, मीटरभर खाली पडला आणि मग दोरानं अडवला तर दोराला सत्तर लागत नाहीत, त्याच्या कितीतरी पट लागतात, दोर जेवढा आखूड आणि कडक तेवढे जास्त. पाचपट धरलं तरी साडेतीनशे. आणि ज्या कप्पीतून दोर वर जाऊन परत खाली येतो तिला दोन्ही बाजूंचा ताण लागतो, म्हणजे सातशेच्या घरात. दोराकडं सगळे बघतात, पण जास्तीत जास्त भार असतो कप्पीवर, तिच्या पट्टीवर आणि ती जिथं बांधली त्या फांदीवर. विहिरीची कप्पी ओतीव लोखंडाची, हिसक्याला तडकणारी, तिचा हुक उघडा, दोर खाचेतून उडाला तर बाजूला अडकून बसतो आणि किती पेलते ते तिच्यावर कुठंच लिहिलेलं नाही. आम्ही झाडकामाची बंद गालांची कप्पी घेतली, दोन टनाच्या कामाची, आणि तिचं चाक दोराच्या जाडीच्या निदान चौपट व्यासाचं आहे का ते बघितलं, कारण बारक्या चाकावर दोर मोडल्यासारखा वळतो आणि आतले धागे तुटतात.

लाकडाचा दोर सोळा मिलिमीटरचा पॉलिएस्टर, लेबलवर तुटण्याची ताकद पाच टनाच्या वर, त्याचा दहावा हिस्सा कामाला धरला म्हणजे पाचशे किलो. पाचशे आणि साडेतीनशे यात गाठीमुळं जाणारी ताकद आणि आमच्या अंदाजातली चूक बसते, म्हणून एक मीटरपेक्षा लांब ओंडका कापायचा नाही असं ठरलं. ह्या दोराच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळली, माणसाचा दोर पांढरा. लाल दोराला माणूस लागणार नाही, पांढऱ्याला काडीसुद्धा लागणार नाही.

खाली चौघांनी दोर धरण्याऐवजी खोडाच्या बुडाशी लोखंडी नळीचं दोर सोडायचं साधन बांधलं, दोराचे वेढे त्यावर घ्यायचे. मामांना ह्याचं सगळ्यात नवल वाटलं. घर्षण गुणांक ०.२५ धरला तर एका पूर्ण वेढ्याला ताण पावणेपाच पट कमी होतो, दोन वेढ्यांना तेवीस पट. दोनशे किलोचा ताण एका हातात नऊ किलोचा लागतो. मामांनी दोन वेढे घालून दाजींना आणि मला दुसऱ्या बाजूनं ओढायला लावलं आणि स्वतः दोन बोटांत दोर धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आता ह्ये काम माझं."

सामान आल्यावर लगेच चढलो नाही. दोन दिवस पाच फुटांवर सराव केला, त्यात एकदा पोरगा बेशुद्ध झाल्याचं नाटक करून लटकला आणि मी दुसरा हार्नेस घालून त्याला खाली आणला. पहिल्या वेळी मला चौदा मिनिटं लागली, हे फार होतं. चौथ्या वेळी सहा. वर जाणारा एकच आणि त्याला आणणारा कुणी नाही असं असंल तर कितीही भारी सामान कामाचं नाही.

कामाच्या दिवशी सकाळी लाईनमननं डीपीवर फ्यूज काढले आणि आम्ही सर्विस वायर पोलवरून सोडवून घेतली. दुर्बिणीनं झाड बघितलं, आग्यामोहोळ नाही याची खात्री केली, कारण दोरावर टांगलेल्या माणसाला पळता येत नाही. मग बारीक दोरीला वाळू भरलेली पावकिलोची पिशवी बांधून वरच्या चांगल्या बेचक्यातून टाकायची होती. माझे आठ नेम चुकले. पोरानं ज्वारी राखताना फिरवायच्या गोफणीसारखी पिशवी फिरवली आणि तिसऱ्या नेमात दोरी बरोबर बेचक्यात. तिच्यामागं दोर ओढून घेतला आणि आम्ही तिघं एकदम लटकलो, बेचकं कुरकुरलं नाही, तेव्हा पोरगा चढला.

चिरलेल्या फांदीला आधी दोन ठिकाणी ट्रकचा रॅचेट बेल्ट आवळला, नाहीतर कापताना चीर खोडात पुढं पळाली असती. तो बेल्ट फक्त आवळायला, वजन त्याच्यावर कुठंच नाही. कप्पी चिरलेल्या फांदीवर नाही तर वरच्या धडक्या फांदीवर, म्हणजे ओंडका कापला की खाली न पडता जवळजवळ जागच्या जागी लटकतो, हिसका बसत नाही. आमच्या हिशोबातले साडेतीनशे किलो त्या दिवशी कधी लागलेच नाहीत. शेंड्याकडून बुडाकडं असे अकरा तुकडे, प्रत्येकाला आधी खालून काप, मग वरून.

तिसऱ्या तुकड्याला चूक झाली आणि ती माझी. कप्पी फांदीच्या सरळ वर नव्हती, चारपाच फूट बाजूला होती, ओंडका सुटला तो झोका घेत गोठ्यावर गेला आणि एक पत्रा वाकला. खाली कुणी नव्हतं. तिथंच थांबलो, पोराला खाली बोलावलं, चहा झाला, मग ओंडक्याला दुसरी बारीक दोरी बांधून एकानं बाजूनं धरायची असं ठरवलं आणि पुढचे आठ तुकडे नीट उतरले. सामान निवडताना ही दोरी यादीतच नव्हती.

संध्याकाळी दोर आंगणात पसरून बोटांतून हात-हात चाचपत तपासले. पांढरा ठीक होता. लाल टेपच्या दोरात एका जागी आतला गाभा चपटा लागला, तिथं कापून टाकला, दोन मीटर गेले. मामांना एकच सांगितलं, हे सामान ट्रॅक्टरच्या पेटीत बॅटरीजवळ ठेवू नका, अॅसिडची वाफ नायलॉनला वरून न दिसता खाते. त्यांनी सगळं धान्याच्या रिकाम्या कोठीत ठेवलं, गोणपाटात गुंडाळून.

ऑगस्टमध्ये मामांचा फोन आला. "पाव्हणं, विहिरीतली मोटर जळली. पांढऱ्या दोरानं काढू का?" मी काही म्हणायच्या आतच मागून पोराचा आवाज आला, "आबा, पांढरा न्हाई, लाल."